दोन वर्षांचं मूल, चार रात्री आणि एकच किनारा

पत्राचा सारांश : पुण्यातल्या एका नोकरदार आईचं पत्र आहे. मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा. गेल्या डिसेंबरात पाच दिवसांत गणपतीपुळे, तारकर्ली आणि गोवा असा दौरा झाला. मूल घाटात ओकलं, किनाऱ्यावर रडलं, रोज नव्या खोलीत झोपेना. घरी परतल्यावर सुट्टीचा शीण घालवायला आणखी सुट्टी हवी, अशी अवस्था. यंदा फेब्रुवारीत पुन्हा पाच दिवस मिळतायत. नवऱ्याला अंदमानला जायचंय, 'एकदाच काय ते नीट करू' म्हणून. सासूबाईंचं म्हणणं, एवढ्या लहान पोराला समुद्रावर नेऊच नका, खारा वारा बाधतो. पत्रलेखिका विचारते, "मला फक्त एका खुर्चीत बसून समुद्राकडे बघायचंय. लहान मूल असताना हे शक्य असतं का? की अशी इच्छा धरणं हाच स्वार्थीपणा? आणि जायचंच तर कुठे?"

नमस्कार,

स्वार्थीपणाचं आधी बाजूला काढू. दोन वर्षांच्या मुलाची आई खुर्चीत बसायची इच्छा धरते यात लपवण्यासारखं काही नाही. तुमच्या पत्रात मला खटकलं ते वेगळंच. बुकिंग केलं, गाडी चालवली, हॉटेल शोधलं, तिथे कर्ता 'हा' किंवा 'आम्ही' आहे. कपडे बदलले, कडेवर घेऊन फिरवलं, रात्री जागले, इथे दरवेळी 'मी'. गेल्या वर्षीचा शीण तीन ठिकाणं केल्यामुळे आला असं तुम्हाला वाटतंय, ते बरोबरच आहे, पण अर्धंच. एकाच ठिकाणी गेला असतात आणि कामाची वाटणी हीच राहिली असती, तरी तुम्ही दमूनच परतला असतात. फक्त पेट्रोल कमी लागलं असतं.

दुसरं एक गृहीतक. समुद्रकिनारा म्हटला की आराम, असं जाहिरातींनी आपल्या डोक्यात बसवलंय. लहान मुलाच्या बाबतीत किनारा ही घरापेक्षा जास्त लक्ष मागणारी जागा आहे. घरात कडी लावता येते. किनाऱ्याला दार नाही, समोर पाणी, डोक्यावर ऊन, आणि मूल मात्र पळायला एकदम मोकळं. म्हणून खुर्चीत बसायचं असेल तर ती वेळ ठरवून, वाटून घ्यावी लागते. ती आपोआप मिळत नाही, पंचतारांकित रिसॉर्टमध्येही नाही. तिथल्या मुलांच्या खोलीत साधारणपणे चार वर्षांच्या पुढची मुलं घेतात. तुमचा मुलगा त्यात बसत नाही, आणि बसला तरी अनोळखी माणसापाशी अर्धा तास टिकेल याची खात्री नाही.

तेव्हा वाटणी निघण्यापूर्वी, घरीच ठरवा. रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे अडीच-तीन तासांचे दोन तुकडे. सोमवारी मोकळी सकाळ नवऱ्याची, मोकळी संध्याकाळ तुमची, मंगळवारी उलट. ज्याची मोकळी पाळी आहे त्याने मुलाच्या नजरेआड जायचं. हे महत्त्वाचं आहे. तुम्ही वीस फुटांवर पुस्तक घेऊन बसलात तर मुलगा बाबाला सोडून तुमच्याकडेच येणार, आणि पाळी कागदावरच राहणार. वाडीतल्या झोपाळ्यावर जा, खोलीत झोपा, किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला चालत जा. आणि सामानाची पिशवी नवऱ्याला भरू द्या. पिशवी ज्याने भरली त्याला टोपी कुठे आहे ते माहीत असतं. नाहीतर तुमच्या तीन तासांत "अगं, त्याची टोपी कुठंय?" हा प्रश्न सहा वेळा येतो.

आता अंदमान. सुंदर आहे, वाद नाही. पण पुण्याहून बहुतेक वेळा चेन्नई किंवा बंगळुरूला विमान बदलून पोर्ट ब्लेअर (आताचं श्रीविजयपुरम), तिथून बोटीने दीड-दोन तास हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप. जाण्या-येण्यात पाचातले दोन दिवस जातात. मुलाला दोन वर्षं पूर्ण झाली आहेत, म्हणजे विमानात त्याचं पूर्ण तिकीट. जोरात समुद्र असेल तर बोटीत मोठी माणसंही आडवी होतात. आणि तिथे जे करायला जायचं, पाण्याखालचं बघणं, बेटं हिंडणं, त्यातलं काहीच याला करता येणार नाही. 'एकदाच काय ते' हा विचार लग्नाच्या हॉलला ठीक. मुलगा सहा-सात वर्षांचा होऊ दे, मग अंदमानचे पैसे वसूल होतील.

पुण्याहून चार रात्रींसाठी माझी पसंती दिवेआगरला. ताम्हिणीमार्गे साधारण १६५ किलोमीटर, पाच तास धरा. किनारा सपाट, लांबलचक, चढउतार कमी. गाव लहान, सुपारीच्या वाड्यांत राहायची घरगुती सोय, रूपनारायणाचं देऊळ चालत जाण्याजोगं. एक उणीव आहे : २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथली सुरूची आणि सुपारीची बरीच झाडं पडली, त्यामुळे किनाऱ्यावर सगळीकडे सावली मिळेल असं समजू नका. मोठी छत्री किंवा चादर-काठ्या घरून न्या. दापोलीजवळचे मुरुड आणि कर्दे हेही सपाट किनारे, फक्त रस्ता थोडा लांबचा आणि वळणांचा. विमानाने जायचंच असेल तर दक्षिण गोव्यातलं पाळोळे. तिथे समुद्र अर्धगोल खाडीसारखा आत आलेला आहे, उतार हळू, लाटा मवाळ. शेजारचं आगोंद शांत आहे म्हणून लोक तिकडे वळतात, पण तिथल्या लाटांना जोर जास्त. मोपा विमानतळावर उतरलात तर पाळोळेपर्यंत अडीच-तीन तास गाडी, दाबोळीहून त्याहून बरंच कमी. गोव्याची एक मोठी जमेची बाजू म्हणजे २००८ पासून तिथल्या किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मध्ये पाण्यात उतरायचं, नुसता लाल झेंडा असेल तर पाऊल ओलं करायचं नाही.

गणपतीपुळ्याला देवदर्शन करा, पाण्यात उतरू नका. तिथे किनारा एकदम खोल जातो आणि ओढ जबर आहे. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या खडकाळ वाटेवर कडेवर मूल घेऊन जाऊ नये. लाटेने माणसं ओढून नेल्याचे प्रसंग तिथे घडले आहेत.

जायचे दिवस सोमवार ते शुक्रवार ठेवा. मुलाची शाळा सुरू झालेली नाही, ही चैन अजून वर्षभरच आहे. शनिवार-रविवारी दिवेआगरच्या किनाऱ्यावर चारचाक्या, फटफट्या, घोडागाड्या सगळं धावत असतं. वाळूत मान खाली घालून खड्डा खणणारं मूल गाडी चालवणाऱ्याला दिसत नाही. कोकणातल्या किनाऱ्यांवर हा धोका पाण्याइतकाच खरा आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. गाड्या किनाऱ्यावर जिथून उतरतात त्या वाटेपासून दोनतीनशे पावलं लांब बसा, आणि मुलाला भडक नारिंगी किंवा पोपटी कपडे घाला. निळे-पांढरे नकोत, ते पाण्यात आणि फेसात हरवतात.

खोली ठरवताना फोटोंपेक्षा फोनवर भर द्या. खोली तळमजल्यावर आहे का. किनाऱ्यावर जाताना मधे गाडीरस्ता लागतो का. वाडीतल्या विहिरीला कठडा किती उंच आहे, वर जाळी आहे का. (कोकणातल्या जुन्या घरांत हा पहिला प्रश्न असायला हवा.) पोहण्याचा तलाव असेल तर त्याला कुंपण आणि बंद होणारं फाटक आहे का. वीज गेली तर पंखा चालतो का. खिडक्यांना डासांची जाळी आहे का. आणि सकाळी सातला कुणी मऊ भात करून देईल का. शेवटच्या प्रश्नाला "हो, देऊ की" असं उत्तर ज्या घरातून येईल ते घर घ्या, मग भले खोली साधी असो. मुलाला कोपऱ्यात वेगळी गादी टाकून झोपवणार असाल तर घरची चादर आणि उशीचा अभ्रा न धुता न्या. ओळखीच्या वासाने पहिली रात्र सोपी जाते. चारही रात्री त्याच खोलीत काढायच्या, मधे बदल नाही.

प्रवास पहाटे साडेपाचला, मूल झोपेत असताना, रात्रीच्याच कपड्यांत. दोन वर्षांनंतर मुलांना गाडी लागायला सुरुवात होते, आणि ताम्हिणीचा घाट झोपेत पार पडणं हा सगळ्यात चांगला उपाय. उपाशीपोटी नको आणि भरल्यापोटीही नको. जाग आलीच तर दोन बिस्किटं किंवा खाकरा पुरे, दूध घाट उतरल्यावर. वळणावर मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला की ओकारी नक्की, कारण डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवत राहते. खिडकी बोटभर उघडी, गाडीतला सुगंधी डबा काढून टाकलेला. मुलाची स्वतःची खुर्ची मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेली असावी. मांडीवर घेऊन घाट उतरणं ही आपली सवय आहे, पण अचानक ब्रेक लागला तर हातांची पकड टिकत नाही. निजामपूर-माणगावला नाश्ता, मग म्हसळा, बोर्ली पंचतन, दिवेआगर. हाताशी कपड्यांचे दोन जोड, ओला नॅपकिन, आणि चार-पाच बंद होणाऱ्या प्लॅस्टिक पिशव्या.

पहिल्या दिवशी समुद्र लांबूनच दाखवा. दोन वर्षांच्या मुलाला लाट म्हणजे अंगावर धावून येणारी, आवाज करणारी भिंत वाटते. गेल्या वर्षी तुमचा मुलगा रडला तो बहुधा याच्यामुळे. त्याला उचलून थेट पाण्यात उभं केलं असणार. यंदा पाण्यापासून चाळीस-पन्नास पावलं वर कोरड्या वाळूत बसा. बादलीने पाणी त्याच्यापर्यंत आणा. दुसऱ्या दिवशी ओल्या वाळूपर्यंत, तिसऱ्या दिवशी पाऊल बुडेल इतकं. चौथ्या दिवशीही गेला नाही तरी बिघडलं काय? वाळूत त्याचा वेळ मजेत जातो. खेळणी विकत घेऊ नका, स्वयंपाकघरातून चहाची गाळणी, एक पळी, दोन स्टीलच्या वाट्या आणि छोटं पातेलं न्या. खड्डा खणाल तो त्याच्या गुडघ्याहून खोल नको. वाळूच्या खोल खड्ड्याच्या भिंती अचानक ढासळतात आणि ओली वाळू फार जड असते. उठताना खड्डा बुजवून उठा.

भरती-ओहोटीचा हिशोब जुन्या लोकांना तोंडपाठ असतो, तुम्हीही शिकून घ्या. तिथीला तीनाने गुणा आणि चाराने भागा, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, आणि पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. ओहोटी त्यापासून सहा तासांवर. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर हे गणित अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जमतं. गोव्याकडे भरती जरा आधी येते आणि पाण्याचा चढउतारही कमी, उधाणाला मुंबईजवळ पाच मीटरच्या घरात तर तिथे दोनेक मीटर. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच, की चतुर्थी-पंचमीच्या सुमारास गेलात तर सकाळचा खेळ ओहोटीत पडतो. सपाट किनाऱ्यावर ओहोटीला पावलं भिजतील एवढी डबकी उरतात, तीच दोन वर्षांच्या मुलाचा समुद्र. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याला जोर कमी. पौर्णिमा-अमावास्येच्या सकाळी पाणी झपाट्याने चढतं, तेव्हा चटई आणि चपला भरपूर वर ठेवा. खाडीच्या मुखापाशी कोणत्याही तिथीला जायचं नाही, ओहोटीला तिथून पाणी नदीसारखं बाहेर धावतं.

पाण्यात मुलाच्या गुडघ्याइतकी खोली ही हद्द, आणि मोठ्या माणसाने हात लांब केला की मूल हातात यावं इतकंच अंतर. लहान मूल बुडताना ओरडत नाही, हात हलवत नाही. मिनिटभरात, वीतभर पाण्यातही सगळं संपू शकतं. किनाऱ्यावर चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, आणि कुणीच बघत नसतं. म्हणून पाण्याजवळ पहारा एकाचा, वीस मिनिटांचा, फोन खिशात. बदलताना तोंडाने बोलायचं : "आता तू." "हो, माझ्याकडे." समोरून "हो" आल्याशिवाय नजर काढायची नाही.

हवेने फुगवायची रंगीत चाकं, बदकं, मगरी घेऊच नका. शाळेत शिकलेले मतलई वारे आठवतात? रात्रीपासून सकाळी नऊ-दहापर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. नेमका हाच तुमचा खेळायचा वेळ, आणि हेच वारं ते हलकं चाक मुलासकट आत नेतं. दुपारनंतर खारे वारे किनाऱ्याकडे येतात, पण तेव्हा लाटा उठतात. दोन्हीकडून चाकाचा उपयोग शून्य. लाटांच्या रांगेत मधेच एखादा गडद, शांत दिसणारा पट्टा असेल तर तो शांत नसतो. तिथून पाणी परत आत ओढलं जातं. मोठं माणूस त्यात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यावं आणि मग वळावं.

जेलीफिश वाळूत पडलेला असला तरी डंख मारतो, काठीनेही खेळू देऊ नका. लागलाच तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे कार्डाच्या कडेने काढा आणि डॉक्टरकडे जा.

उन्हाच्या वेळा सोप्या आहेत. सात ते साडेनऊ आणि संध्याकाळी पावणेपाच ते अंधार पडेपर्यंत. दहा ते चार खोली. फेब्रुवारीत सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, म्हणजे दोन्ही मिळून रोज चार तास किनारा मिळतो, तेवढा या वयाला भरपूर झाला. पांढरा पातळ सुती शर्ट ओला झाला की ऊन आरपार जाऊ देतो. पोहण्याच्या कापडाचा, पूर्ण बाह्यांचा अंगरखा आणि मानेवर पदर येणारी टोपी घ्या. उघड्या राहणाऱ्या भागाला, म्हणजे चेहरा, कान, मान, हाताचे पंजे आणि पाय, एसपीएफ ३० ते ५० चं सनस्क्रीन लागतं, झिंक ऑक्साइडचं असेल तर उत्तम. सगळं मिळून छोटा चमचा भरून. लोक बोटाच्या टोकाएवढं लावतात आणि मग 'क्रीम चाललं नाही' म्हणतात. बाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. घरी आठवडाभर आधी कोपरापाशी लावून पुरळ येतं का बघा. ज्यांचं मूल सहा महिन्यांच्या आतलं आहे त्यांनी क्रीमच्या भानगडीत न पडता सावलीतच राहावं.

वाळू आणि खारं पाणी लंगोटाच्या आत राहिलं की तासाभरात जांघा लाल होतात. दोन लिटरच्या तीन बाटल्या भरून गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवा. किनाऱ्यावरून येताना ते कोमट गोडं पाणी तयार असतं. आधी धुवायचं, मग पुसायचं. उलटं केलं तर टॉवेल सॅंडपेपर होतो. नंतर पातळ खोबरेल. कोरड्या पायांची वाळू कॉर्नफ्लॉवर भुरभुरून हाताने झटकली की चटकन सुटते. त्यासाठी टाल्कम पावडर नको, ती नाकातोंडात जाते.

खाण्यात धाडस सुट्टीत करू नये. मेतकूट, नाचणीसत्त्व, मुगाच्या खिचडीचं कोरडं मिश्रण, थोडं तूप आणि विजेची किटली सोबत असू द्या. घावन आणि नारळाचा रस, आंबोळी, मऊ भात हे तिथलं त्याला चालेल. मासे देणार असाल तर सुरमईचा मधला तुकडा, काटे बोटांनी चाचपून, बांगडा नको. कोळंबी, तिसऱ्या, खेकडा आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरपासून तासभर लांब देऊ नका. सोलकढीत मिरची-लसूण असतो, आधी चाखा. शहाळं समोर फोडलेलं, लगेच प्यायलेलं. पाणी उकळून गार केलेलं किंवा बंद बाटलीतलं, आणि बर्फाचा गोळा नाहीच.

औषधांच्या पिशवीत ओआरएसची पाकिटं सर्वांत वर. मोठं पाकीट (सुमारे २१ ग्रॅम) पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटं (सुमारे ४ ग्रॅम) २०० मिलिलिटरमध्ये. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकलं तर क्षाराचं प्रमाण बिघडतं आणि जुलाब वाढतात. दोन वर्षांवरच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर १०० ते २०० मिलिलिटर, चमच्या-चमच्याने. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. खोक्यातलं गोड फळपेय म्हणजे ओआरएस नव्हे. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल, मूल मलूल, असं दिसलं की खोलीत थांबू नका. तापाचं औषध तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून मुलाच्या आताच्या वजनानुसार मात्रा लिहून घेऊन न्या. मागच्या वर्षीची चिठ्ठी चालणार नाही. श्रीवर्धनचं सरकारी रुग्णालय किती अंतरावर आहे आणि गावातला डॉक्टर कधी असतो, हे पोहोचल्या दिवशीच घरमालकांना विचारा. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक महाराष्ट्रात आणि गोव्यातही चालतो.

कोकणात लाल विंचू आहेत. चपला-बूट झटकून घालणं, अंथरूण भिंतीपासून हातभर दूर, रात्री अंगणात टॉर्च, एवढं पुरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून मृत्यू खूप कमी झाले, पण ते वेळेत मिळायला हवं. झाडपाल्यात तास घालवू नका.

सासूबाईंकडे वळू. 'खारा वारा बाधतो' हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. वाऱ्यातलं मीठ बाधत नाही, पण ओल्या कपड्यात वाऱ्यावर बसलेलं मूल गारठतं, घाम आणि ऊन एकत्र आलं की मलूल होतं, नव्या पाण्याने पोट बिघडतं. हे सगळं पाहिलेल्या पिढीने त्याला एक नाव दिलं, एवढंच. त्यांना सांगा : पाण्यातून आला की पाच मिनिटांत कोरडे कपडे, दुपारी खोलीत, पाणी उकळलेलं. सर्दीने कान दुखत असेल किंवा अंगावर उघडी जखम असेल तर पाण्यात जाणार नाही. मुद्द्याला मुद्द्याने उत्तर मिळालं की विरोध बराचसा विरघळतो.

त्यांना बरोबर नेण्याचा विचार पत्रात ओझरता आलाय. न्या, मनापासून वाटत असेल तर. पण 'मूल सांभाळायला माणूस' म्हणून नको. वाळूत पळणाऱ्या दोन वर्षांच्या पोरामागे धावणं साठीच्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि पाण्याजवळचा पहारा त्यांच्यावर टाकणं तर साफ चूक. मूल दुपारी झोपलेलं असताना त्या खोलीत थांबल्या, की तुम्ही दोघं दीड तास एकत्र बाहेर पडू शकता. चार दिवसांत असं दोनदा घडलं तरी सुट्टी सार्थकी लागली. खोल्या मात्र दोन घ्या, शेजारी-शेजारी.

नवऱ्याला 'काहीतरी बघायला' लागतंच, असं तुम्ही लिहिलंय. एक अर्धा दिवस त्याला द्या. दिघीहून आगरदांड्याला गाड्या वाहून नेणारी फेरीबोट सुटते. गाडीसकट बोटीत चढायचं, पलीकडे उतरायचं, चहा प्यायचा आणि पुढच्या फेरीने परत. मुलाला किल्ले-देवळांपेक्षा याचंच अप्रूप वाटेल. मुलाला कठड्यापाशी सोडू नका, आणि दुपारच्या झोपेआधी खोलीवर या. बाकी दिवस काही 'करायचं' नाही. कंटाळा आला तर येऊ द्या, त्यासाठीच गेला आहात.

परतीला शुक्रवारी दुपारी जेवून, मूल झोपायच्या वेळेला निघा. ताम्हिणी उजेडात पार होते, आणि शनिवार-रविवार घरचे मिळतात. वाळूचे कपडे थेट मशीनमध्ये टाकू नका. आधी गॅलरीत वाळवून झटका, मग बादलीत खळबळा, आणि ते पाणी न्हाणीघराच्या जाळीत न ओतता कुंडीतल्या मातीपासून दूर, बाहेर कुठेतरी टाका. खारं आहे ते, झाडं मरतील.